उशीर आणि लेट

या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाला मी स्वतःच दहा मिनिटं उशिरा पोचलो. विषयही मीच सुचवलेला, ‘उशिराची भाषा’. धापा टाकत दारातूनच म्हणालो, “सॉरी हं, जरा लेट झालो. फाइव्ह मिनिट्सचं अंतर, पण सिग्नलला अडकलो.” कार्यक्रमाच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही मराठीतले कवी. आत्ताच्या बोलण्यात इंग्रजी शब्द किती आले, मोजलेत?” मोजले. सॉरी, लेट, फाइव्ह, मिनिट्स, सिग्नल. पाच.

श्रोतेहो, मला पावसाबद्दल बोलायला इंग्रजी लागत नाही. भांडायला लागत नाही, रडायला तर नाहीच. पण पाच-दहा मिनिटांचा उशीर झाला की आपोआप तोंडात येतं. आणि हे माझ्यासारख्या बी.ए. झालेल्याचंच नाही. भाजीवाली मावशीही म्हणते, “आज टेम्पो लेट आला.” रिक्षावाला म्हणतो, “वन मिनिट, साहेब.” मोठ्या उशिराला आपल्याकडे मराठी शब्द आहेत. मुलीच्या लग्नाला उशीर होतो, न्यायाला विलंब लागतो, सरकारी कामात दिरंगाई होते. थोडक्या उशिराला मात्र इंग्रजी. असं का झालं असावं, याचा शोध घेताना मला माझ्या शहराचाच इतिहास सापडला. तो आज सांगतो.

आधी शब्द पाहू. ‘उशीर’ हा शब्द जाणकार संस्कृतातल्या ‘उत्सूर’शी जोडतात. म्हणजे त्यात सूर्य दडलेला आहे. दिवस वर आला, कामाला उशीर झाला. ‘दिरंगाई’ फारसीतल्या ‘दिरंग’वरून आली. ‘मुदत’ आणि ‘मोहलत’ अरबीतून, दरबाराच्या वाटेनं आल्या. पण हे सगळे शब्द कसे वापरतो ते बघा. आपण म्हणतो, “मला उशीर झाला.” जसं मला ताप आला, मला भूक लागली, तसा मला उशीर झाला. उशीर बाहेरून आला आणि माझ्या अंगावर बसला. इंग्रजी शब्द घेतला की वाक्य बदलतं. “मी लेट झालो.” आता उशीर माझ्यावर आलेला नाही. मीच लेट आहे. गाडी लेट असते, तसा.

दुसरी गंमत ‘आलोच’ची. हाक आली की आपण उठतसुद्धा नाही आणि म्हणतो, “आलोच!” न झालेल्या कामाला भूतकाळ. सोलापुरात चार भाषा एका गल्लीत नांदतात, म्हणून मी लहानपणापासून हे चारही बाजूंनी ऐकलं. आमच्या घरात दखनी. अम्मीनं हाक मारली की अब्बा म्हणायचे, “आया, आया.” शेजारचे कन्नड बोलणारे काका म्हणायचे, “बंदे.” म्हणजे आलो. पलीकडे तेलुगू बोलणारी विणकर मंडळी. त्यांच्याकडेही ‘वच्चेशा’, येऊन पोचलोच, असंच. चारही भाषांनी ठरवूनच ठेवलंय, की येणार म्हटलं म्हणजे आला असं धरून चालायचं. या चार भाषांत थोडा उशीर हा उशीरच नव्हता.

कारण मोजमापच मोठं होतं. प्रहर तीन तासांचा. घटका चोवीस मिनिटांची. घटकेचीही साठ पळं असत, पण पळांचा हिशेब ज्योतिषाला. मांडवात घंगाळातल्या पाण्यावर तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. “घटकाभर टेका” असं पाहुण्याला म्हणायचं, तेव्हा चोवीस मिनिटं कोणी मोजत नसे.

वेळ सूर्याची होती, आणि सूर्य प्रत्येक गावाचा वेगळा. हे आजही पडताळून पाहता येतं. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. सोलापूर आहे पंचाहत्तर अंशांच्या थोडं पुढे, जवळजवळ शहात्तरावर. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब केला तर सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे चालतो. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथे मध्यान्ह झालेली नसते. ती होते सरासरी बारा सव्वीसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा दहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला बारा चाळीसच्या सुमारास. आमच्या मशिदीत नमाजाच्या वेळांचा वर्षभराचा तक्ता टांगलेला असतो, त्यात दुपारच्या नमाजाची वेळ अशीच तारखेबरोबर सरकत जाते. रमजानमध्ये मुंबईची बहीण संध्याकाळी फोनवर म्हणते, “तुमचा रोजा सुटला, आमचा अजून दहा-बारा मिनिटं आहे.” आणि हाच हिशेब पंचांगकर्त्यांचा. महाराष्ट्राच्या घराघरांत खुंटीला लटकणारं दाते पंचांग आमच्या सोलापूरचं. उभ्या महाराष्ट्राला लग्नाचा मुहूर्त मिनिटासकट देणारं हे गाव. त्या मुहूर्तावर अक्षता पडतात की नाही, हा प्रश्न तुम्ही आपापल्या घरी विचारा.

असं हे घटकांचं गाव मिनिटांत आणलं ते रेल्वेनं. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्यानंतर सात वर्षांत, १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरला पोचले. तेव्हा बोरघाटाचं काम पुरं व्हायचं होतं, ते झालं १८६३ साली. पुढे हाच मार्ग रायचूरला गेला आणि १८७१ साली मद्रासकडून आलेल्या रेल्वेला मिळाला. सोलापूर एकदम मुंबई-मद्रास रस्त्यावरचं ठाणं झालं.

पण मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. गाडीनं कुठली वेळ पाळायची? रेल्वेनं सगळीकडे मद्रासची वेळ धरली. म्हणजे आमच्या स्टेशनावरचं घड्याळ गावातल्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटं पुढे. गावच्या हिशेबानं वेळेवर निघालेला माणूस स्टेशनावर पोचला, की गाडीचा धूर बघत उभा. त्याची चूक काय? तो सूर्याला धरून चालला होता. मला वाटतं, ‘लेट’ या शब्दाची आपल्याशी ओळख झाली ती इथे. स्टेशनावरच्या साहेबाच्या तोंडून, स्टेशनावरच्या घड्याळासमोर. आणि मग पहिल्यांदा लोकांना एक समाधानही मिळालं असेल, की गाडीही लेट होते. साहेबाची गाडी!

आमची दादी कधी शाळेत गेली नव्हती. दखनीत ‘लेटना’ म्हणजे आडवं होणं. पहिल्यांदा स्टेशनावर ‘गाडी लेट है’ ऐकून तिनं म्हणे विचारलं होतं, “खडी गाडी लेट को क्या करती?” उभी गाडी आडवी होऊन करते काय! घरात हा किस्सा पुढे अनेक वर्षं चालला.

घड्याळ बदलणं ही साधी गोष्ट नव्हती. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहराला मद्रासची वेळ लावायला बघितली. लोकांनी इतका विरोध केला, की दोन वर्षांनी तो हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईच्या जुन्या वेळेत आणि नव्या वेळेत ३९ मिनिटांचं अंतर पडलं. गिरण्यांनी नवी वेळ धरली की कामगारानं अंधारात तेवढं आधी उठायचं. मुंबईतल्या काही गिरणी कामगारांनी याविरुद्ध दंगा केला. मुंबई महापालिकेनं तर आपली जुनी वेळ कित्येक दशकं सोडली नाही. इतकी वर्षं एका शहरात दोन वेळा चालत होत्या. त्या काळात उशिरा येणाऱ्याला “मी मुंबई टाइमनं आलो” असं म्हणायची सोय होती. आमच्या गावाला तीही नव्हती.

आमच्याकडे भोंगा होता. मोरारजी गोकुळदास यांनी उभी केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आमची ‘जुनी गिरणी’, १८७७ साली सुरू झाली. पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गावात घड्याळं मोजकी, पण भोंगा सगळ्यांच्या कानात. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला घर सोडायचं, तिसऱ्याला गेटच्या आत असायचं. बाया भाकरी थापायला बसायच्या त्या भोंग्यावर. सुरुवातीच्या काळात दिवसभराची पाळी म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा पहिल्यांदा पडली ती १९११ साली, कापड गिरण्यांत, बारा तासांची. १९२२ साली ती अकरावर आली, १९३४ साली दहावर, आणि १९४८च्या कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ठरले. आठवड्याची रविवारची सुटीही अशीच भांडून मिळालेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली. आपण रविवारी सकाळी निवांत रेडिओ ऐकतो, पेपर वाचतो, त्याच्यामागे तेही आहे.

भोंग्याबरोबर गिरणीत नवे शब्द आले. टाइमकीपर, मस्टर, गेटपास, हाफ डे. आणि ‘लेटमार्क’. लेटमार्क हा शब्द असा अस्सल देशी इंग्रजी आहे, की इंग्लंडातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागेल. आपल्याकडे त्याचा अर्थ सातवी नापासालाही कळतो.

याच शहरात आणखी कठोर हजेरी होती. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात, पण ठरल्या वेळी सेटलमेंटच्या हजेरीलाही उभं राहावं लागे. इतरांना उशिराची शिक्षा पगारात होती, त्यांना ती कायद्यात होती. थोडा उशीर, आणि त्यासाठी गुन्हा! तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. आजही आमच्याकडे त्या भागाला ‘सेटलमेंट’च म्हणतात. शब्द असे मागे राहतात.

आता माझ्या घरचं सांगतो. अब्बा गिरणीत साच्यावर होते. कुठल्या, ते नाव घेत नाही. त्या गिरणीचं दार आता नाही, आणि सगळ्याच गिरण्यांत तेच चालायचं. मी पाचवीत असेन. धाकट्या बहिणीला रात्रभर ताप होता. पहाटे तिला दवाखान्यात दाखवून अब्बा धावत गेटवर पोचले. तिसरा भोंगा होऊन पाच मिनिटं झाली होती. आत जाऊन बघतात तो त्यांच्या साच्यावर बदली कामगार उभा. बदलीवाले रोज गेटवर वाट बघत असायचे, कोणी खाडा करतोय का, कोणी उशिरा येतोय का. त्यांनाही पोट होतं. जॉबरनं अब्बांना सांगितलं, “लेट झालास, जा घरी.” पाच मिनिटांत एक दिवस गेला.

पुढे कॉलेजात असताना मी कायद्याचं पुस्तक चाळलं. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं कामगारांच्या दंडकपातीची चौकशी केली होती. तिच्यातून १९३६चा वेतन अदायगी कायदा आला. त्यात स्पष्ट लिहिलंय, की कामगार जितका वेळ गैरहजर, त्याच प्रमाणात पगार कापता येईल, जास्त नाही. मी मोठ्या उत्साहानं अब्बांना वाचून दाखवलं. पाच मिनिटांचे पाच मिनिटांएवढेच पैसे कापायला हवे होते! ते म्हणाले, “बेटा, पगार कापला कुठं? साचाच दिला नाही. जे काम केलं नाही त्याचे पैसे कसे मागणार?” कायदा बरोबर होता, आणि अब्बाही बरोबर होते. त्या दोघांच्या मधून आमचा दिवस निसटला होता.

मी नोकरीला लागलो ते एका कचेरीत, कारकून म्हणून. तिथे लेटमार्क लाल शाईचा. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली. पण कचेरीत मला उशिराच्या इंग्रजीची दुसरी बाजू कळली. उशीर माणसाचा असला की ‘लेट’. उशीर कचेरीचा असला की त्याला वेगळे शब्द. ‘इन ड्यू कोर्स’. ‘अंडर प्रोसेस’. ‘फाइल मूव्ह झालीय’. ‘पुट अप करतो’. यातल्या एकाही शब्दात किती दिवस हे येत नाही. मराठीत “पैसे देणार नाही” म्हणायला जीभ अडखळते. “अंडर प्रोसेस आहे” म्हणायला अडखळत नाही. मी स्वतः खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना शेकडो वेळा हे म्हटलं आहे. आज ते कबूल करतो.

मग हळूहळू हे शब्द खिडकीच्या अलीकडे आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. हातात मोबाइल आले. आता सगळेच म्हणतात, ‘फाइव्ह मिनिट्स’, ‘ऑन द वे’, ‘जस्ट निघालो’, ‘रीचिंग’. बूट सापडत नसतात आणि माणूस ऑन द वे असतो. मला यात खोटेपणा फार दिसत नाही. आपली ‘आलोच’ची जुनी सवय नव्या कपड्यांत आली आहे, इतकंच. उलट एक सूडही दिसतो. ज्या पाच मिनिटांपायी आमच्या बापजाद्यांचा दिवस जायचा, त्याच पाच मिनिटांना आम्ही आता इंग्रजीतच चेष्टेवारी नेतो. ज्याला आजही हजेरीचं यंत्र अंगठा लावायला लावतं, तो मात्र ही चेष्टा करत नाही. घरोघरी पार्सल पोचवणारा पोरगा ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणतो तेव्हा तो खरंच मिनिटं मोजत असतो.

स्टेशनावर अजून गेलो, की मी घोषणा मन लावून ऐकतो. गाडी इतकी मिनिटं विलंबानं धावत आहे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ‘दिलगीर’ हा शब्द आमच्या उर्दूत फार हळवा आहे. ज्याचं मन दुःखानं व्यापलंय तो दिलगीर. मराठीत येऊन तो माफीचा झाला, आणि स्टेशनावर येऊन यंत्राच्या तोंडी गेला.

या शब्दावरूनच अब्बांची शेवटची गोष्ट आठवते. गिरणी बंद पडल्यावर कामगारांची देणी राहिली होती. अब्बा नऊ वर्षं वाट बघत होते. ‘अंडर प्रोसेस’ हे दोन शब्द त्यांना पाठ झाले होते. शेवटी एक पाकीट आलं. देण्यातली थोडी रक्कम आणि सोबत इंग्रजी पत्र. मी ते त्यांना वाचून दाखवलं. शेवटी झालेल्या विलंबाबद्दल खेद व्यक्त केला होता. मी दखनीत सांगितलं, “देर हुई बोल को दिलगीर हैं, लिखे हैं.”

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मेरे पाँच मिनट में एक दिन गया था. इनके नौ साल में कित्ते दिन जाते, गिन को बता.”

मी कागद-पेन्सिल घेऊन खरंच बसलो. वर्षाचे दिवस, दिवसाचे तास, तासाची मिनिटं, त्याला पाचानं भाग. आकडा इतका मोठा निघाला, की मी दोनदा तपासला. साडेनऊ लाखांच्या जवळपास. अब्बांना सांगितला. ते हसले, आणि आतून अम्मीनं जेवायला हाक मारली.

“आया,” असं म्हणून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)